‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारी मुलं: स्थानिक किंमत आणि हातच्याची गणितं याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. आता संध्याकाळी चौथी ते सातवीच्या, गणितात मागे राहिलेल्या मुलांचा एक छोटा गट घेते. पालक, नवे शिक्षक आणि सुट्टीत शिकवायला येणारी कॉलेजची मुलं मला साधारण हेच प्रश्न विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच मुलं सगळ्यात जास्त अडकतात.

मुलगा एक ते शंभर घडाघडा म्हणतो. मग ‘पंचवीस लिही’ म्हटलं की ५२ का लिहितो?

कारण त्याने ऐकलं तसंच लिहिलं. ‘पंचवीस’ या शब्दात आधी पाच येतो, मग वीस. हात डावीकडून उजवीकडे चालतो, म्हणून आधी ५ उमटतो आणि मागून २. आपण संख्या बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. ही उलटापालट मोठ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

ही रचना संस्कृतातून आली आहे. ‘पञ्चविंशति’मध्येही पाच आधीच आहे. हिंदीतही तेच. जर्मन मुलंही ‘पाच आणि वीस’ अशाच क्रमाने पंचवीस म्हणतात आणि तिथेही अंकांची अदलाबदल होते. कन्नड आणि तेलुगूत मात्र ‘वीस-पाच’ असा सरळ क्रम आहे. सीमाभागातल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेत पंचवीस म्हणायला सांगा आणि तो शब्द फळ्यावर फोडून दाखवा. मराठी मुलांनाही तो ऐकून मजा वाटते.

त्यात आपले शब्द जागोजागी बदलतात. दोन हा आकडा बावीसमध्ये ‘बा’ होतो, बत्तीसमध्ये ‘ब’, बेचाळीसमध्ये ‘बे’ आणि ब्याऐंशीत ‘ब्या’. सहाचं तर विचारूच नका: सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. मूल हे शंभर शब्द जवळजवळ शंभर स्वतंत्र नावांसारखे पाठ करतं. त्यामुळे घडाघडा म्हणता येणं आणि संख्या कळणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीची खात्री धरू नका.

म्हणून ५२ लिहिणाऱ्या मुलाला ‘लक्ष कुठंय तुझं?’ असं कधीही म्हणू नका. त्याचं लक्ष होतं म्हणूनच त्याने आवाजाच्या क्रमाने लिहिलं.

मग ‘वीस पाच’ असंच शिकवावं का? त्यावरून मोठा वाद झाला होता ना?

झाला होता. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं होतं. भाषा बिघडेल म्हणून टीका झाली आणि चर्चा विधानसभेपर्यंत गेली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख तेव्हा मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांच्या मनात गणिताची भीती बसते, अशी त्यांची भूमिका होती.

माझं मत सांगते. रुळलेले शब्द मुलांना यायलाच हवेत. बाजारात, एसटीत, घरात लोक ‘पंचेचाळीस रुपये’च म्हणणार. पण अडलेल्या मुलासाठी ‘चाळीस आणि पाच’ हा फार चांगला पूल आहे, आणि तो वापरण्यात भाषेचं काही नुकसान नाही. मी मुलांना दोन्ही म्हणायला लावते: ‘पंचेचाळीस, म्हणजे चाळीस आणि पाच.’ जुळ्या नावासारखं. लिहिताना ओठांवर दुसरं नाव असतं, बोलताना पहिलं. पाच-सहा आठवड्यांत बहुतेक मुलं दुसरं नाव मनातल्या मनात म्हणू लागतात आणि लिहिताना अंक जागेवर पडू लागतात.

एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत तर मोठी मुलंही चुकतात.

चुकणारच. ‘एकोणसाठ’ ऐकलं की कानावर ‘साठ’ पडतो आणि हात ६ लिहून मोकळा होतो. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी. हे मुलांना एकदा नीट सांगितलं की त्यांना ते आवडतं. साठ काड्या, म्हणजे सहा गठ्ठे, समोर ठेवा आणि त्यातली एकच काडी काढायला सांगा. त्यासाठी गठ्ठा सोडावा लागतो. पाच गठ्ठे आणि नऊ सुट्या राहतात. ‘साठाला एक कमी, पण साठातला सहा गेला’ हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. मग एकोणऐंशी, एकोणनव्वदही करा. नव्याण्णव मात्र ‘एकोणशंभर’ होत नाही, हे मुलं स्वतःच शोधून काढतात आणि आपल्याला विचारतात. विचारू द्या.

मुलाला स्थानिक किंमत कळली आहे की नाही, हे कसं ओळखायचं? वहीत तर सगळं बरोबर असतं.

वहीवर विसंबू नका. ‘३४ मधील ३ ची स्थानिक किंमत किती? ३०.’ ‘दर्शनी किंमत किती? ३.’ अशी उत्तरं काहीही न कळता लिहिता येतात, कारण त्यांचा साचा पाठ असतो.

माझ्याकडे पाचवीतली एक मुलगी आली होती. वही नीटनेटकी, स्थानिक किमतीच्या पानावर शेजारी-शेजारी बरोबरच्या खुणा. मी तिच्यापुढे सोळा चिंचोके ठेवले. तिने मोजले आणि कागदावर १६ लिहिलं. मी ६ भोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हटलं, ‘एवढे चिंचोके दाखव.’ तिने सहा बाजूला काढले. मग १ भोवती गोल केला. तिने एक चिंचोका उचलून माझ्या तळहातावर ठेवला. नऊ चिंचोके चटईवर तसेच पडून होते. ‘आणि हे गं?’ तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘ते उरले.’

हीच तपासणी तुम्ही करा. दोन मिनिटं लागतात, वस्तू कुठल्याही चालतात. १६ मधला १ म्हणजे दहा चिंचोके हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी हातचा, वजाबाकी, भागाकार हे सगळे निव्वळ नियम आहेत. तो ते पाठ करतो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतो. उत्तर चुकलं म्हणून मूल समोर असताना चेहरा पाडू नका. ‘बरं’ म्हणा आणि चिंचोके गोळा करा. आपल्याला जे कळायचं होतं ते कळलेलं असतं.

सुरुवात कशाने करावी? शाळेच्या गणितपेटीत मणी, दांडे, खेळातल्या नोटा सगळंच आहे.

सुट्या काड्यांनी. खराट्याचे हीर सारख्या लांबीचे तोडून घ्या किंवा आइसक्रीमच्या काड्या घ्या, दीडशे-दोनशे तरी. सोबत रबर बँड. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढा: डावीकडे दशकाचं घर, उजवीकडे एककाचं. नियम एकच. एककाच्या घरात जास्तीत जास्त नऊ काड्या राहू शकतात. दहावी आली की गठ्ठा बांधायचा आणि तो डाव्या घरात न्यायचा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: गठ्ठा मुलानेच बांधला पाहिजे. आपण आदल्या रात्री बसून छान गठ्ठे बांधून ठेवतो, वेळ वाचावा म्हणून, आणि त्यातच शिकण्याची जागा निघून जाते. दहा सुट्या वस्तूंची एक वस्तू होते, तरीही ती आत दहाच राहते, हे मुलाला रबराचे वेढे घालताना कळतं. काही मुलं गठ्ठा बांधल्यावरही पुन्हा उकलून मोजतात. मोजू द्या. दोन-चार दिवसांनी त्यांचा विश्वास बसतो आणि मोजणं आपोआप थांबतं. मी ‘आता कळलं’ ही खूण त्यावरूनच ठरवते.

काड्या रुजल्या की नोटा आणि नाणी. दहाची नोट दहा नाण्यांइतकी आहे हे नोटेत दिसत नाही, ते मानावं लागतं. काड्यांच्या गठ्ठ्यात ते दिसतं. म्हणून काड्या आधी, नोटा नंतर. तारांवरचे मणी मी सगळ्यात शेवटी आणते. तिथे दशकाचा मणी आणि एककाचा मणी दिसायला सारखाच असतो आणि किंमत केवळ जागेवरून ठरते. नेमकं तेच तर मुलाला अजून उमगलेलं नसतं. पुष्कळ वर्गांत क्रम उलटा असतो. तिथल्या मुलांना मण्यांवर संख्या दाखवता येते, पण चिंचोक्यांपुढे ती अडतात.

एक खेळ सांगते, तो रोज खेळला तरी मुलं कंटाळत नाहीत. दोन फासे टाकायचे, येतील तेवढ्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की बांधायच्या. आधी शंभराला पोचेल तो जिंकला. दहा गठ्ठे झाले की सुतळीने शंभराचा भारा बांधायचा, आणि तो क्षण खरंच मोठा असतो, सगळे उठून बघायला येतात. आठवडाभराने हाच खेळ उलटा: शंभरापासून सुरू करून फाशावर पडतील तेवढ्या काड्या परत द्यायच्या. सुट्या संपल्या की गठ्ठा सोडावा लागतो. हातच्याची वजाबाकी मी याच खेळात शिकवते, वजाबाकी हा शब्द न उच्चारता.

मुलगा सहावीत आहे. काड्या दिल्या तर त्याला लाज वाटते.

वाटणं साहजिक आहे, तेव्हा वस्तू बदला. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या गोळा करा. खूपशा पट्ट्यांत दहा गोळ्या असतात आणि खोक्यात दहा पट्ट्या. एक गोळी, एक पट्टी, एक खोकं: एकक, दशक, शतक. ‘मेडिकलवाल्याकडे दोन खोकी, चार पट्ट्या आणि सात सुट्या गोळ्या आहेत. त्याला एकोणसाठ गोळ्या द्यायच्या आहेत. काय करील?’ हा प्रश्न सहावीच्या मुलाला बाळबोध वाटत नाही. पट्ट्या मात्र रिकाम्याच घ्या, गोळ्या असलेल्या नकोत. किंवा थेट पैशांचा हिशेब घ्या. वय वाढलं म्हणून पायरी गाळू नका, फक्त तिचं रूप मोठ्या मुलाला शोभेल असं ठेवा.

दोनशे पाच सांगितलं की २००५ लिहितात.

इथेही दोष कानाचा नाही, कानाचं ऐकण्याचा हा परिणाम. ‘दोनशे’ म्हणजे २००, ‘पाच’ म्हणजे ५, शेजारी-शेजारी ठेवले. चूक अत्यंत तर्कशुद्ध आहे.

यावर कार्डांचा उपाय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा घ्या. २०० चं कार्ड तीन घरं रुंद, ४० चं दोन घरं, ५ चं एक घर. उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवायची. २०० वर ५ ठेवलं की शेवटचं शून्य झाकलं जातं आणि २०५ दिसतं. मधलं शून्य उघडंच राहतं, कारण दशकाचं कार्डच नाही. मूल स्वतः कार्ड उचलून खालचं शून्य पाहतं आणि परत झाकतं. असं चार-पाच वेळा झालं की २००५ लिहिणं थांबतं. हीच कार्डं उलगडून ठेवली की विस्तारित रूप झालं: २४५ = २०० + ४० + ५. ते वेगळं शिकवावं लागत नाही.

‘शून्य म्हणजे काही नाही’ हे वाक्य मात्र वर्गातून काढून टाका. २०५ मधलं शून्य ‘इथे सुटा दशक एकही नाही’ हे सांगत जागा धरून बसलेलं आहे. ते उठलं तर दोनशे पाचाचे पंचवीस होतात.

४७ + ३८ = ७१५. यावर काय करायचं?

आधी मुलाला हे मोठ्याने वाचायला लावा. ‘सातशे पंधरा.’ मग विचारा, ‘तुझ्याकडे पन्नासाहून थोडे कमी रुपये, माझ्याकडे चाळीसाहून थोडे कमी. मिळून सातशे होतील?’ बहुतेक मुलं स्वतःच हसून खोडरबर शोधतात. उत्तराचा अंदाज बांधायची सवय बेरजेच्या रीतीआधी लागली पाहिजे. आपण ती कधी शिकवतच नाही.

दुसरं, उभी मांडणी काही दिवस बाजूला ठेवा. चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी. तोंडी हिशेब करणारी माणसं असंच मोठ्यापासून सुरू करतात. हे जमल्यावर उभ्या मांडणीतला हातचा आपोआप अर्थाचा होतो. आणि हातचा लिहिताना ‘पंधराचे पाच, हातचा एक’ असं न म्हणता ‘पंधराचे पाच, हातचा एक दशक’ म्हणा. हा एक शब्द वाढवायला काहीच लागत नाही.

वजाबाकी तर अजिबात जमत नाही. ५२ – २७ = ३५ असं लिहितात.

वरचे २, खालचे ७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले. पाच. मग पाचातून दोन, तीन. या चुकीचं मूळ पुष्कळदा आपल्याच एका वाक्यात असतं: ‘नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची.’ आपण ते पूर्ण संख्येबद्दल बोलतो. मूल ते प्रत्येक घराला लावतं. हे वाक्य वापरणं मी सोडून दिलं आहे.

‘शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा’ हेही वाक्य नीट पाहा. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, असं घरी शिकवलेलं असतं. इथे कोणी परत देत नाही. शिवाय उसना एक घेतला आणि दोनाचे बारा कसे झाले? मुलाला हा प्रश्न पडतो, पण ते विचारत नाही. त्यापेक्षा काड्यांपुढे बसा. पाच गठ्ठे, दोन सुट्या. सत्तावीस द्यायच्या आहेत. दोन गठ्ठे देता येतील, पण सुट्या सात कुठून देणार? मूल स्वतःच गठ्ठ्याचं रबर काढतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या आहेत. काड्या तेवढ्याच, कुठून काही आलं नाही आणि कुठे काही गेलं नाही. ही गोष्ट त्याच्याकडून बोलून घ्या. मग कागदावर ५२ च्या वर ‘४ दशक, १२ एकक’ लिहायचं आणि वजाबाकी करायची. ‘हातचा’ हा शब्द राहू द्या, पण तो आला कुठून हे मुलाने हाताने केलेलं असू द्या.

५०३ – १६७ सारख्या गणितात मधलं शून्य आलं की चांगली मुलंही गडबडतात. शतक फोड, दशकात दहा आण, त्यातला एक पुन्हा फोड, अशी साखळी लक्षात राहत नाही. मी ५०३ कडे ‘पन्नास दशक आणि तीन’ असं पाहायला शिकवते. त्यातला एक दशक सुटा केला की एकोणपन्नास दशक आणि तेरा. तेरातून सात गेले, सहा. एकोणपन्नासातून सोळा गेले, तेहेतीस. उत्तर ३३६. साखळी गेली, एकच फोड उरली.

आणि दुकानदाराची रीत विसरू नका. १६७ ला तीन मिळवले, १७०. तीस मिळवले, २००. तीनशे मिळवले, ५००. आणखी तीन, ५०३. मिळवलेले एकत्र केले: ३३६. कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढून त्यावर उड्या दाखवायच्या. ही रीतही वजाबाकीच आहे आणि ती परीक्षेतही चालली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. निदान उत्तर पडताळायला तरी प्रत्येक मुलाला ती यावी.

मुलगी आईबरोबर भाजीच्या गाड्यावर बसते, तिथे सुटे बरोबर देते. शाळेत मात्र नापास. असं कसं?

हे बऱ्याच ठिकाणी दिसलेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर अचूक हिशेब करणारी मुलं तीच गणितं कागदावर दिली की चुकत. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो त्यात होते. तिथेही बाजारातली मुलं शाळेच्या धाटणीच्या गणितांत अडली, आणि शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबात.

म्हणून मुलीला सांगा की तिला गणित येतं. हे दिलासा म्हणून सांगू नका, ते खरं आहे म्हणून सांगा. मग तिला विचारा, ‘पावशेर मिरची बारा रुपये, तर तीन पाव कितीला?’ ती कसं करते ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या: बारा आणि बारा चोवीस, आणि बारा छत्तीस. त्याखाली १२ × ३ = ३६ लिहा. तिची रीत आणि वहीतली खूण एकाच कागदावर, एकाखाली एक. तिच्याकडे काय नाही हे शोधण्यापेक्षा इथून पुढे जाणं कितीतरी सोपं.

बोटं मोजू द्यावीत का?

हो. बोटं दहाच आहेत आणि सदैव जवळ असतात, याहून चांगलं साधन कुठलं. फक्त मूल कसं मोजतं ते पाहा. ८ + ५ साठी ते एकपासून सुरू करतं का? मग आठ ‘डोक्यात ठेवून’ नऊ, दहा, अकरा असं पुढे मोजायला शिकवा. त्यानंतर दहाचा टप्पा: आठाला दोन दिले, दहा, उरले तीन, तेरा. यासाठी दहाच्या जोड्या (९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३) तोंडावर हव्यात. त्या आल्या की बोटं आपोआप सुटतात. ओरडून सोडवलेली बोटं टेबलाखाली जातात, एवढंच.

पाढे पाठ करून घ्यायचे की नाही?

घ्यायचे. उजळणीची जुनी शिस्त चांगली होती आणि मी तिच्या बाजूने आहे. सुरात म्हटलेले पाढे आयुष्यभर साथ देतात. ज्यांना पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) येत असे ती पिढी किराणा दुकानात कागद न घेता हिशेब करायची. पण पाढा म्हणता येणं आणि वापरता येणं यात अंतर आहे. ‘सात चोक?’ विचारल्यावर जे मूल ‘सात एके सात’पासून सुरू करतं, त्याला पाढा अजून गाण्यासारखा येतो. त्याच्याकडून आधी २, ५ आणि १० चे पाढे पक्के करून घ्या. मग त्यावरून बाकीचे काढायला लावा: चारचा म्हणजे दोनचा दुप्पट, नऊचा म्हणजे दहाच्या पाढ्यातून ओळीने एक, दोन, तीन असं कमी करत जायचं. आणि सात चोक अठ्ठावीस म्हणजेच चार सत्ते अठ्ठावीस, हे चौकटीच्या कागदावर आडव्या-उभ्या ओळी रंगवून दाखवलं की अर्धं पाठांतर वाचतं.

देवनागरी आणि इंग्रजी अंकांत गोंधळ होतो.

होतो, आणि तो वेगळा ओळखायला हवा. आपला ४ आणि इंग्रजी आठ दिसायला फार जवळचे आहेत. आपला ७ उलटा इंग्रजी सहासारखा दिसतो. घाईत लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. माध्यम बदललेल्या मुलाची गणितं तपासताना आधी त्याने अंक कुठला वाचला ते विचारा. कधी कधी गणित बरोबर असतं आणि वाचन चुकलेलं असतं.

वर्गात चाळीस मुलं आहेत, सगळी वेगवेगळ्या पातळीवर. एकेकाजवळ काड्या घेऊन कसं बसणार?

तुमची अडचण खरी आहे, आणि ती एकट्या तुमच्या वर्गाची नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या असर पाहणीत मुलांना घरी जाऊन, एकेकटं बसवून तपासतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ३३.७ टक्क्यांना निदान हातच्याची दोन अंकी वजाबाकी येत होती. पाचवीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणारी मुलं ३०.७ टक्के होती. म्हणजे मागे असलेली मुलं वर्गात तुरळक नसतात, बहुसंख्य असतात. पुस्तक पुढे नेलं तरी वर्ग पुढे जात नाही.

निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून शाळांत पायाभूत संख्याज्ञानासाठी वेळ राखून ठेवायला निदान आधार मिळाला आहे. तो वापरा. दिवसातला एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा: एक अंकी, दोन अंकी, हातच्याची वजाबाकी, त्यापुढची. काड्यांचा खेळ चार-चार मुलांचे गट एकटे खेळू शकतात. तुम्ही त्या वेळी एकाच गटाजवळ बसा. गट दर पंधरा दिवसांनी बदला आणि त्यांना ‘हुशार’, ‘कच्चे’ अशी नावं कधीही देऊ नका. मी फळांची नावं देते आणि तीही बदलत राहते.

डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या समजण्यातली विशिष्ट अक्षमता, असेल का? डॉक्टरांना दाखवावं का?

नीट, रोज, वस्तू हातात देऊन सहा-आठ महिने शिकवल्यावरही लहान संख्यांची तुलना जमत नसेल, पाच ठिपके न मोजता ओळखता येत नसतील, आज पक्कं झालेलं उद्या पूर्ण पुसलं जात असेल, तर जरूर तपासून घ्या. आधी डोळे आणि कानही तपासा. शिकण्यातल्या विशिष्ट अक्षमतांचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आहे आणि अधिकृत प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयांत यासाठी तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणी शाळेतल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे आधी चौकशी करा.

पण सहा-आठ महिन्यांची अट मी मुद्दाम घातली. मला ‘हिला काहीतरी प्रॉब्लेम आहे’ म्हणून आणून सोडलेल्या मुलांतली बरीचशी फक्त न शिकवली गेलेली होती.

किती दिवस लागतात?

चिंचोके ठेवलेल्या त्या मुलीला दिवाळीपासून संक्रांत उलटेपर्यंत वेळ लागला. आठवड्यातले चार दिवस, अर्धा तास. मधले तीन आठवडे ती गावी गेली आणि परतली तेव्हा बरंचसं विसरली होती. पण दुसऱ्यांदा शिकायला तिला चारच दिवस पुरले. त्यानंतर मी पुन्हा १६ लिहून १ भोवती गोल केला. तिने माझ्याकडे ‘हे काय विचारताय बाई’ अशा नजरेने पाहिलं आणि दहा चिंचोके ओंजळीत भरून माझ्या पुढ्यात ठेवले.

आम्ही पालक चौथी-पाचवी शिकलेलो. घरी आम्ही काय करू शकतो?

पुष्कळ. बाजारात पिशवीबरोबर मुलाला न्या आणि सुटे त्याला मोजायला द्या. भाकऱ्या किती झाल्या, अजून किती लागतील, हे त्याला विचारा. आजी-आजोबांना पावकी-निमकी येत असेल तर त्यांना म्हणायला सांगा. शेंगा निवडताना दहा-दहाचे ढीग करा आणि शेवटी ‘किती ढीग, किती सुट्या, मिळून किती’ एवढंच विचारा. रात्री वीस मिनिटं पुरेत. मूल चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका. ‘कसं केलंस ते मला सांग’ म्हणा आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नका. गणित तुम्हाला येत नसलं तरी चालेल, तुम्ही फक्त ऐका. आणि कितीही कंटाळलात तरी ‘आमच्या घरात कुणालाच गणित जमत नाही’ हे त्याच्यासमोर म्हणू नका.